सुंद्राक्काची चूल

मी एका रविवारी त्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा भर दुपारी नामदेवराव ओट्यावर मांडी घालून शेंगदाणे आणि गूळ खात बसले होते. शेजारी त्यांची दोन मुलं तेच खात होती. तिघंही अगदी मजेत होते. मला राहायला खोली हवी होती. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. अंथुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर नर्स म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते आणि कालव्याच्या कडेला नामदेवरावांकडे एक खोली रिकामी आहे असं कळलं होतं.

"बसा बाई," म्हणत नामदेवरावांनी माझ्याही ओंजळीत शेंगदाणे ओतले. "आज आमच्यात ह्योच सैपाक हाय."

"घरात कोणी आजारी आहे का?"

"छ्या! आजारी कशाचं? मालकीण बसलीय."

त्यांनी मान मागच्या दाराकडे वळवली. घर आरपार दिसत होतं. मागच्या उंबऱ्यावर, आमच्याकडे पाठ करून, एक उंच बाई बसली होती. दोन्ही तळहात गुडघ्यांवर, पाठ ताठ, तोंड उसाच्या शेताकडे. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं हलत होता, बाकी काही हलत नव्हतं.

"सकाळी जावेसंगं सरपणावरनं वाजलं," नामदेवराव आवाज खाली आणून म्हणाले. "राग आलाय. राग हाय तवर ती चुलीकडं जात न्हाय. तिला हाक मारू नका, आपसूक उतरतो."

लाइट गेलीय, येईल थोड्या वेळानं, असं सांगावं तितक्या सहज ते सांगत होते. मी शेंगदाणे खात बसले. बऱ्याच वेळानं ती बाई उठली. रांजणाजवळ जाऊन हात धुतले, पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला. मग आमच्याकडे वळली. सावळा, रुंद चेहरा, कपाळावर लहानपणीचं गोंदण, आणि डोळे इतके निवळलेले की आत्ता हीच बाई रागात होती हे खरं वाटेना.

"आल्या व्हय बाई? बसा. आता करते मी सैपाक."

त्या दिवशी मी ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. हे पदार्थ मी जन्मभर खात आले होते. माझी आई सुगरण म्हणून नावाजलेली. पण ती भाकरी मोडली, पहिला घास तोंडात घातला आणि मी बोलायची थांबले. चव कशी होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या घरात परकी म्हणून आले होते, आणि जेवून उठले तेव्हा परकी राहिले नव्हते, एवढंच सांगता येतं. खोली कशी आहे ते मी बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी ट्रंक घेऊन आले.

सुंद्राक्काच्या घरी मी पाच-सहा वर्षं राहिले. तिचं नाव सुंदराबाई. सगळ्या वस्तीत तिला सुंद्राक्का म्हणत. बौद्ध समाजाचं घर. कालव्याच्या पाण्यावर थोडा ऊस, एक म्हैस. नामदेवराव बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होते. पहाटे मोटारसायकलला किक मारून जायचे, आणि पहिल्या पाळीचं काम संपवून दुपार कलताना परत यायचे. मोठा सिद्धार्थ नववीत, धाकटी सुजाता पाचवीत. घर साधंच. वेगळं काही असेल तर ते या बाईचं स्वयंपाकापूर्वीचं बसणं.

ती रोज बसायची. राग असो नसो. चूल पेटवण्याआधी हातपाय धुऊन मागच्या उंबऱ्यावर थोडा वेळ. मला आधी वाटलं, काही प्रार्थना म्हणत असेल. एकदा विचारलं.

"न्हाय वो," ती म्हणाली. "आत काय आवाज चाललाय का, त्ये ऐकते."

"आणि चालला असला तर?"

"तर थांबायचं. त्यो थांबस्तवर."

बहुतेक दिवशी हे बसणं चहा उकळायला लागतो तेवढ्यात उरकायचं. पण कधी आवाज थांबला नाही तर त्या घरात चूल पेटत नसे. मग फळीवरचा एक पत्र्याचा डबा खाली यायचा. त्यात चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ असा ऐवज कायम भरलेला असे. मुलांना त्या डब्याचा कोण आनंद! सुजाता तर शाळेतून आल्यावर आईच्या तोंडाकडे आशेनं बघायची आणि आई हसली की खट्टू व्हायची.

नुसत्या रागाचीच गोष्ट नव्हती. सिद्धार्थ दहावी पास झाला त्या दिवशी आक्का हुरळून थेट चुलीपुढे गेली. न बसता. आमटीत दोनदा मीठ पडलं. आम्ही सगळे पाणी पीत पीत जेवलो. तिनं स्वतः घास घेतला, थांबली, आणि पोट धरून हसायला लागली. "बगा, आनंदात बी हात पळतो. मन कसं पायजे, कालव्याचं दार उघडायच्या आधी पानी उभं असतंय का, तसं."

वस्तीतल्या बायका मागून तिला महाराणी म्हणायच्या. त्यांचं तरी काय चुकलं? रागाला, दुःखाला, तापाला कसलीच सुट्टी न देता दोन्ही वेळा चूल पेटवणाऱ्या बाया त्या. आक्काला हे सगळं माहीत होतं. ती कोणाला शिकवायला गेली नाही. तिच्या घरात हे चाललं त्यात नामदेवरावांचाही वाटा होता, असं ती स्वतःच म्हणायची. "दुसरा कुनी असता तर पहिल्याच दिवशी ताट फेकून मारलं असतं. ह्ये शेंगदाणं खात बसले."

नामदेवरावांच्या जेवणाच्या डब्याची कारखान्यात ख्याती होती. मधल्या सुट्टीत ते डबा उघडायच्या आत चार हात पुढे यायचे. त्यांत कोण कुठल्या जातीचा, कोण फलटणचा, कोण दौंडचा, याचा पत्ता नसायचा. एकदा नामदेवराव जादा कामाला थांबतो म्हणून सांगून मित्रांबरोबर बारामतीत सिनेमाला गेले. बाहेर पडताना गावचाच एक माणूस भेटला आणि बातमी त्यांच्याआधी घरी पोचली. आक्कानं दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा डबा भरून दिला. सुट्टीत नामदेवरावांनी सगळ्यांच्या देखत झाकण उघडलं. खालच्या पुडात ज्वारीचं पीठ, वरच्या पुडात एक अख्खा कांदा, दोन मिरच्या आणि मिठाची पुडी.

हे ते स्वतःच सांगायचे, दर वेळी तितकेच खुशीत. "मग काय, सगळ्यांनी मिळून पीठ मळलं. क्यान्टीनवाल्याच्या शेगडीवर भाकरी थापली. भाकरी कसली, नुसती गवरी! एक जण म्हणला, नामदेवराव, खोटं बोलला का काय घरी? म्या म्हणलं, व्हय. घरी आलो आन पहिलं ती सांगून टाकलं, मग पाय धुतलं."

"आन मग म्या काय केलं?" आक्का आतून विचारायची.

"मग तू वांग्याचं भरीत केलंस," नामदेवराव म्हणायचे, आणि गप्प व्हायचे. ते भरीत त्यांना अजून आठवत असावं.

हे बसणं तिनं कुठून घेतलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी सहज विचारलं, तुझी आई अशीच बसायची का? आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माझी आय न्हाय बसली कधी. तिला बसून कोन देनार? बाप रोज मारायचा. मार खाऊन तिनं चूल पेटवायची. भाकरी थापताना पुटपुटायची, एक थाप, एक शब्द. खा आन मर, खा आन मर. आमी भावंडं चुलीभवती बसलेली. आमाला ऐकू यायचं."

मी शेंगा फोडत राहिले.

"बापाला काय झालं न्हाय त्यानं," ती म्हणाली. "चांगला म्हातारा हून मेला. पर ती भाकरी आमी पोरं बी खायचो की, बाई. बापासाठी म्हणलेलं आमच्या पोटात गेलं. माझा थोरला भाऊ तसाच तापट निघाला. मी बी तसलीच. माज्यात लई राग हाय, तुमाला ठाव न्हाय. म्हणून बसते."

तिच्यात इतका राग आहे हे मला खरंच ठाऊक नव्हतं. तो किती असेल, आणि तो रोज खाली बसवायला काय ताकद लागत असेल, याचा अंदाज मला पुढे आला.

आक्काच्या शेताला लागून तुकारामतात्यांचं शेत होतं. मध्ये फक्त बांध. तात्या शेतकरी माणूस, कष्टाळू, पण तोंडानं फटकळ आणि आतून हेकट. घरात म्हातारी आई, गजराबाई. बायको शेवंता, आणि दोन मुलं, अलका आणि बाळू. शेवंता आणि आक्का यांचं फार मेतकूट. पण ते बांधाच्या अलीकडचं. शेवंता ताक मागायच्या निमित्तानं उसातून वाट काढत यायची, आक्काच्या चुलीपुढे बसायची आणि गरम भाकरी तिथल्या तिथं खाऊन तोंड पुसून परत जायची. घरी हे कोणाला सांगायची सोय नव्हती. आमच्याकडे अजून कोण कोणाच्या हातचं खातं यावर डोळे असायचे. कारखान्यात बापे एका डब्यात जेवत, आणि गावात त्याच बाप्यांच्या आया पाण्याचा तांब्या वेगळा ठेवत.

एकदा आक्का उंबऱ्यावर बसली असताना शेवंता आली. तिच्याकडे बघत म्हणाली, "आक्का, मी असं राग जायची वाट बघत बसले ना, तर आमच्यात म्हयनाभर चूल पेटायची न्हाय." दोघी इतक्या हसल्या की आक्काला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं.

बुद्धपौर्णिमेला आक्का खीर करायची. पांढरं लुगडं नेसून, मोठ्या पातेल्यात, तांदळाची. ती खीर घरोघर जायची. तात्यांच्या घरी कधी गेली नव्हती. त्या वर्षी शेवंताच म्हणाली, "आमच्यात बी घिऊन ये की. दारातनं ये, उसातनं नगं." आक्काला ते फार लागलं, चांगल्या अर्थानं. तिनं स्टीलची किटली घासून लख्ख केली, काठोकाठ भरली, आणि मला म्हणाली, "चला बाई, संगट."

तात्यांच्या अंगणात भावकीतली काही माणसं बसली होती. गजराबाई खाटेवर. शेवंता दारात. तात्या उठून पुढे आले आणि त्यांनी चक्क हसून किटली हातात घेतली. आक्काचा चेहरा उजळला. तात्या किटली घेऊन गोठ्यापर्यंत गेले, झाकण काढलं आणि सगळी खीर गव्हाणीत ओतली. म्हशीनं मान खाली घातली.

"तिला बी गोड लागंल," तात्या म्हणाले आणि रिकामी किटली आक्कापुढे धरली.

खाटेजवळ कोणीतरी हसलं. शेवंतानं पदर तोंडात कोंबला होता. आक्कानं किटली घेतली, झाकण नीट लावलं, आणि वळली. घरी आल्यावर उरलेली खीर वाटायला सिद्धार्थला पाठवलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. ऊन उतरेपर्यंत बसली होती. मी तिच्या पाठीकडे बघत होते. एखादं ओझं उचलून उभं राहावं तशी ती पाठ थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. मी विचारलं, "गेला राग?"

"न्हाय," ती म्हणाली. "बांधापल्याड ठिवलाय. घरच्यांसाठी हात रिकामा हाय."

शेवंता पुढचे काही दिवस आलीच नाही. मग एकदा बांधावर उभी राहून रडायला लागली. आक्का तिला हाताला धरून घेऊन आली. "तुज्यावर माझं काय न्हाय. तू खा." उसातली वाट पुन्हा सुरू झाली. पण तात्यांचं नाव निघालं की आक्काचा जबडा घट्ट व्हायचा. पुढल्या पौर्णिमेला खीर झाली, सगळीकडे गेली, त्या दारात गेली नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात शेवंताला उसात पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे सरळ म्हणत नाहीत. सकाळी खुरपायला गेली होती. माझ्याकडे आणली तेव्हा तिची जीभ जड झाली होती. जमेल ते केलं आणि जीपमध्ये घालून बारामतीला निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेत ती गेली.

दुपारी उशिरा सगळं आटोपून माणसं स्मशानातून परतली. आमच्याकडे त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. भावकी किंवा शेजारी पिठलं-भाकरी आणतात, त्याला कडू घास म्हणतात. पण तात्यांचं एव्हाना भावकीत कोणाशी धड राहिलं नव्हतं. अंत्यविधीला झाडून सगळे आले, पण घास कोणी आणायचा म्हणताना जो तो दुसऱ्याकडे बघत होता. अलका भिंतीला टेकून बसली होती. बाळू तिच्या मांडीवर. पोरांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.

मी घरी आले तर आक्का उंबऱ्यावर. रडून डोळे सुजलेले. मागे परातीत पीठ काढून ठेवलेलं.

"पोरं उपाशी हायत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "शेवंताची पोरं. आन मला चूल पेटवता येईना. पीठ घेतलं की ती गव्हाण दिसती."

"आक्का, आज नको बघू ना ते," मी म्हणाले. "आज कर नुसतं."

"कसं करू? ती पोरं खानार हायत."

थोड्या वेळानं ती एकदम उठली. हात धुतले नाहीत, चुलीकडे गेली नाही. बांध ओलांडून सरळ तात्यांच्या अंगणात. मी मागे धावले. लिंबाखाली पुरुषमाणसं बसली होती. तात्या मध्ये, गुडघ्यात मान घालून. आक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तात्या," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "माजी खीर तुमी गव्हाणीत वतली. ती मी इसरले न्हाय."

"ए बाई, ही येळ हाय का?" एक म्हातारा ओरडला.

"हीच येळ हाय. पोरं आज उपाशी हायत. मला त्यांच्यासाठी भाकरी करायचीय आन मनात ही असताना माज्यानं व्हईना. म्हणून सांगायला आले. वतली का न्हाय तुमी?"

मला वाटलं, आता कोणीतरी तिला ढकलून बाहेर काढणार. दोघं उठलेही होते. तात्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. डोकं वर उचललं. त्या माणसाचा चेहरा एका दिवसात म्हाताऱ्याचा झाला होता.

"व्हय," ते म्हणाले. "वतली मी. शेवंता त्या दिवशी जेवली न्हाय."

एवढंच.

आक्का तशीच उभी होती. मग तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मी ते डोळ्यांनी बघितलं. तिनं मान हलवली, म्हणाली, "येते मी भाकरी घिऊन," आणि निघाली.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले. त्या दिवशी ती उंबऱ्यावर बसली नाही. थेट चूल पेटवली. पिठलं रटरटत होतं आणि ती भाकऱ्या थापत होती, आणि थापताना डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला राहवलं नाही.

"आक्का, रडतेस आणि करतेस?"

"दुःख चालतं, बाई," ती भाकरी उलटत म्हणाली. "दुःखानं हात मऊ पडतो. राग न्हाय चालत."

"पण त्यांनी माफी कुठे मागितली?"

"माफीचं मी काय करू? पिठात मळू? वरीसभर त्यो म्हणत हुता काय झालंच न्हाय, आन मी एकटी ती धरून बसले हुते. आता त्यानं बी एका बाजूनं धरलं. झालं हलकं."

टोपली आणि पातेलं घेऊन आम्ही गेलो. आक्कानं अंगणातच पोरांपुढे बसून भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि पहिला घास बाळूच्या तोंडात घातला. पोरगं खायला लागलं. अलकानं आधी मान फिरवली, मग तीही सरकली. भावकीतली माणसं बघत होती. कोणी पुढे आलं नाही, कोणी उठूनही गेलं नाही. मग तात्या उठले, पोरांशेजारी येऊन मांडी घालून बसले आणि हात पुढे केला. आक्कानं त्यांच्या हातावर भाकरी ठेवली. तो माणूस भाकरी खात होता आणि रडत होता, आणि ते अंगण इतकं शांत होतं की चावल्याचा आवाज ऐकू येत होता. मी बाळंतपणं केली आहेत, माणसं जाताना पाहिली आहेत. पण त्या दिवशी माझ्या अंगावर जसा काटा आला तसा पुन्हा कधी आला नाही.

गजराबाईंनी मात्र भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. त्यांच्यापुढे ठेवलेली भाकरी तशीच राहिली. आक्कानं दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली, पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली. दोन-तीन दिवसांनी आक्का रिकामी टोपली घेऊन परत आली ती हसू दाबत.

"म्हातारी बोलली."

"काय म्हणाल्या?"

"म्हणली, भाकरी वातड करतीस. मला दात न्हायत, ठाव न्हाय का?"

तिथून पुढे गजराबाईंसाठी दुधात कुस्करलेली भाकरी वेगळी जाऊ लागली. आणि काही बोलणं झालं नाही त्या दोघींत, माझ्या माहितीप्रमाणे. गावानं थोडे दिवस कुजबुज केली. कोणी तात्यांना नावं ठेवली, कोणी आक्काला. दुखवट्याच्या अंगणात जाऊन भांडली, असंही तिच्याबद्दल बोललं गेलं. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "भांडलेच की."

अलका मात्र रोज येऊ लागली. उसातून नाही, बांधावरच्या वाटेनं. घरात आता तिलाच करावं लागत होतं. आक्कानं तिला भाकरी थापायला शिकवलं. पण त्याआधी उंबऱ्यावर शेजारी बसवलं. पोरगी दहा-अकरा वर्षांची. एकदा ती रडत म्हणाली, "आक्का, मला बसलं की आयची आठवण येती. मग मी कवा पेटवू?"

"येऊ दे की," आक्का म्हणाली. "तिची आठवण आली की लगेच पेटव."

माझी पुढे इंदापूरला बदली झाली. निघताना आक्कानं माझ्यासाठी काही बांधून दिलं नाही. "वाटंत गार हुतंय. हितं येऊन खात जा," म्हणाली. काही वेळा गेले. मग लग्न, मुलं, नोकरी. जाणं राहत गेलं.

तिला शेवटचं पाहिलं ते भिगवणला. माझी एसटी स्टँडवर थांबली होती. रस्त्याच्या पलीकडे मासे तळून देणारी एक खानावळ होती. बाहेर टाकलेल्या बाकावर आक्का आणि नामदेवराव शेजारी शेजारी बसलेले. दोघंही पिकलेले. असं बाहेर दोघं मिळून जेवायला बसलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आक्का सावकाश मासा खात होती, काटे ताटाच्या कडेला एका ओळीत मांडत होती. मी खिडकीतून हाक मारली, पण गर्दीत ती पोचली नाही. जेवून झाल्यावर तिनं हात धुतले आणि पोऱ्याला काहीतरी विचारलं. तो आत गेला आणि एक जाडजूड माणूस बनियनवर, घाम पुसत बाहेर आला. भट्टीपाशी दिवसभर उभा असणारा आचारी. काहीतरी तक्रार असणार अशा तयारीनं तो आला होता. भुवया चढलेल्या, बोलायला तोंड उघडलेलं. आक्कानं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तेलानं भाजलेले, मसाल्यानं पिवळे पडलेले ते हात उलटे करून तिनं नीट बघितले, आणि वाकून आपल्या कपाळाला लावले. एक-दोन शब्द बोलली असावी. मग नामदेवरावांच्या मागोमाग गर्दीत गेली.

माझी गाडी सुटली तेव्हा खानावळीतून कोणीतरी त्या माणसाला ओरडून बोलावत होतं. तो जागचा हलला नव्हता. तळहात वर केलेले, तसेच पुढे धरून रस्त्यात उभा होता.